पत्रपेटीपर्यंत एक चक्कर

"आधी मांडीवर घेऊ, मग भावाचं बोलू."

हे वाक्य मांडीवाल्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. आणि ज्यांचा हिशेब त्यांच्याकडे नाही अशा गोष्टी फार थोड्या होत्या. कुणी जुना लॅपटॉप विकायला आणला, टेबलावर ठेवला आणि "याचे किती येतील हो?" असं विचारलं, की ते चष्मा कपाळावर सारत, गुडघ्यांवर एक विटका निळा टॉवेल पसरत आणि हे वाक्य म्हणत. घाईने नाही. पाण्यात पाय सोडून बसलेला माणूस बोलतो तसं.

मांडीवाले हे नाव गल्लीने दिलेलं. घरात दोघांसाठी त्यांची दोन नावं होती. थोरल्या भावासाठी नुसते "अरे", आणि भावजयीसाठी भाऊजी. गल्ली लहान होती, एका टोकाला दुकान आणि दुसऱ्या टोकाला गंजलेली पत्रपेटी, मध्ये घड्याळं, पंखे, चष्मे, पेनं दुरुस्त करणारी माणसं. नवं असं तिथे काही मिळत नसे. समोरचा चष्मेवाला भावजयीला म्हणायचा, "माझ्याकडे येणाऱ्यांना डोळ्यांनी दिसत नाही. तुमच्या भाऊजींना मांडीनं दिसतं. माझा धंदा बसवणार हा माणूस एक दिवस."

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दादा, म्हणजे थोरले भाऊ, चार्जर आणि वायरी विकत. वायरी छपरापासून वेलींसारख्या खाली लोंबायच्या आणि दादा त्यांच्या आड बसून दिवसभर बोलायचे. मागच्या खोलीत खिडकीखाली वहिनींचं टेबल. यंत्र उघडण्याचं, साफ करण्याचं, तुटलेलं जोडण्याचं काम वहिनींचं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना साधा दिव्याचा खटका दुरुस्त करता येत नव्हता. पण दादांना सांगण्यात रस आणि करण्यात कंटाळा, त्यामुळे दादा सांगत गेले आणि वहिनी करत गेल्या. आता दादांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते सांगत होते.

या दोन खोल्यांच्या मधल्या दारात मांडीवाल्यांची खुर्ची. ना आत, ना बाहेर.

लॅपटॉप मांडीवर आला की ते तो सुरू करत, दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवत आणि डोळे मिटत. बघणाऱ्याला वाटे, झोपले. कधीकधी झोपतही असतील. पण अर्ध्या तासाने डोळे उघडत तेव्हा यंत्राची ऊब आधी उजव्या मांडीला लागली की डाव्या, पंखा केव्हा सुरू झाला, कोणत्या सुरात, त्या अर्ध्या तासात बॅटरी किती उतरली, सगळं त्यांना ठाऊक असे. लहानपणी त्यांची आई कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगायची म्हणे. त्यांनी तेच पुढे नेलं, एवढंच.

त्या अर्ध्या तासात मालकाने तिथे थांबायचं नाही, हा त्यांचा नियम. मालकाला ते चक्कर मारायला पाठवत. "पत्रपेटीपर्यंत जा. हात लावा. परत या." इतकंच. कुणी विचारलं, "मी बसलो तर काय बिघडलं?" तर म्हणत, "मालक जवळ असला की यंत्र लाजतं." खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी वहिनींना एकदा सांगितली होती. मालक शेजारी असला की त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं, आणि चेहऱ्याचा भाव यंत्रात मिसळतो. गरजू चेहरा बघून दोन जास्त लावावेसे वाटतात, माजोरी चेहरा बघून दोन कमी. दोन्ही अन्यायच. मालक रमतगमत पत्रपेटीला हात लावून येईपर्यंत चिठ्ठीवर भाव लिहिलेला असे. एकदा लिहिला की बेरजेतली चूक दाखवल्याशिवाय तो बदलत नसे. काही मालक परत येऊन म्हणत, "नको, राहू द्या. विकायचा नाही." तेव्हा मांडीवाले टॉवेलाची घडी अशा समाधानाने घालत, जणू त्या दिवसाची कमाई तीच.

वाढवलेल्या यंत्रांची भांडणं जास्त. यंत्र जुनं, पण मालकाने त्यात मेमरी वाढवलेली, जुनी डिस्क काढून जलद एसएसडी घातलेली, बॅटरी नवी. एकदा एक तरुण रडकुंडीला आला होता.

"अहो काका, पण मी यात वीस हजार ओतलेत!"

"ओतलेत ना? मग तीन वर्षं ते प्यायलात की नाही? यंत्र भरभर चाललं, काम झालं."

"झालं."

"मग झालं तर. आता घेणाऱ्याच्या ओंजळीत काय पडतं, तेवढंच बोलू."

त्यांची रीत सरळ होती. तसलं यंत्र, काही न वाढवलेलं, आज गल्लीत कितीला जातं तो पाया. त्यावर वाढवलेल्या भागाची किंमत; तुम्ही तेव्हा किती दिलेत ती नव्हे, तोच भाग आज नवा कितीला मिळतो तिच्या निम्मी. बसवण्याची मजुरीही निम्मी, कारण घेणाऱ्याचा तेवढा खटाटोप वाचतो. मोडलेलं नीट केलं असेल तर त्याचं काही नाही. "पडद्याला तडा गेला, तुम्ही नवा घातलात. म्हणजे यंत्र पुन्हा पायावर आलं. वर कुठे चढलं?" मग कमीपणा वजा. चार्जर दुसऱ्याच कंपनीचा, कोपरा चेपलेला, एखादं बटण रुसलेलं. शेवटी जो आकडा येई त्याला ते कधी गोल करत नसत. अकरा हजार तीनशे म्हणजे अकरा हजार तीनशे. दादा म्हणायचे, "अरे, साडेअकरा म्हण, तोंडाला बरं वाटतं." ते म्हणायचे, "दोनशे तोंडासाठी?"

लग्न त्यांचं झालं नाही. एकदा जमत आलं होतं. दादा ती गोष्ट नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवत. "ती म्हणाली, काय ते सांगा. हा म्हणाला, घाई काय आहे? तिचं दुसरीकडे होऊन तिला नातवंडं झाली, आमच्या माणसाचं मोजमाप अजून चालू आहे!" मांडीवाले डोळे न उघडता म्हणत, "अर्धा तास झाला नाही अजून."

त्यांनी स्वतःसाठी विकत घेतलेलं यंत्र आयुष्यात एकच. नऊ वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ ते विकायला आले होते, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. राखाडी रंगाचा, रुंद पडद्याचा लॅपटॉप. गृहस्थ पत्रपेटीकडे गेले, मांडीवाल्यांनी झाकण उघडलं आणि पडद्यावर एक तळं आलं.

तळं म्हणजे डोंगरांच्या कुशीत पसरलेलं, पहाटेचं, वाफाळलेलं पाणी. काठावरून आत गेलेला लाकडी धक्का. धक्क्याच्या टोकाला बांधलेली रिकामी नाव. बाकी कुणी नाही. त्या दिवशी मांडीवाल्यांनी डोळे मिटले नाहीत. वहिनींनी आपल्या टेबलावरून ते पाहिलं होतं आणि त्यांना नवल वाटलं होतं. ऊब उजव्या मांडीला लागली की डाव्या, हे त्या दिवशी भाऊजींना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गृहस्थ परत आले. भाव ठरला. मग मांडीवाल्यांनी विचारलं, "हे चित्र राहू द्याल का?"

"राहू द्या की. तिथे मी सातव्या वर्षी पोहायला शिकलो." आणि त्यांनी बोटाने टॉवेलावर रस्ता काढून दाखवला. एक रात्र रेल्वे, अर्धा दिवस बस, मग नाव. पलीकडच्या काठावर चार खोल्यांची एक उतरायची जागा.

यंत्र मांडीवाल्यांनी स्वतः घेतलं, चिठ्ठीवरचे पूर्ण पैसे देऊन. तेव्हापासून गल्लीत विकल्या गेलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद त्यांनी त्याच्यात केली. नोंद झाली की झाकण मिटण्याआधी पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद करत आणि तळ्याकडे जरा वेळ बघत बसत. यंत्र म्हातारं होत गेलं तसं ते वाढवत गेले. मेमरी चारपट केली. एसएसडी घातली. बॅटरी दोनदा बदलली. पडद्याला तडा गेला तेव्हा नवा पडदा आला, आणि तो लावून सुरू केल्यावर तळ्याचा रंग थोडा अधिक निळा दिसला, तर ते दोन दिवस बेचैन. शेवटी वहिनींनी पडद्याचे रंग उतरवून पूर्वीचा पहाटेचा धुरकटपणा आणून दिला. सगळं बसवलं वहिनींनीच. भाग मांडीवाले विकत आणत, वहिनींच्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "वहिनी, सवडीनं."

गेल्या वर्षी दुकानाचं छप्पर गळायला लागलं. मागच्या खोलीत टेबलावर पाणी, खाली बादली, वहिनींच्या डोक्यावर प्लास्टिक. दादांनी एक महिना छप्पर कसं करायला हवं ते सांगितलं. एके सकाळी कारागीर शिडी लावून वर चढले. पैसे मांडीवाल्यांनी दिले होते, साठवलेले सगळे. वहिनींनी विषय काढला तर ते टॉवेल झटकून म्हणाले, "छपराचं बोलायचं नाही. मीही त्याखालीच बसतो." परत कधी बोलू दिलं नाही.

आणि या वर्षी, एका दुपारी, चहाचा कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "गुडघे बोलायला लागलेत. नावेत चढता येतंय तोवर जाऊन येतो."

"कुठे?" दादा म्हणाले.

"तळ्यावर."

"कुठल्या?"

वहिनींना विचारावं लागलं नाही.

मांडीवाल्यांनी खर्च काढून ठेवला होता. येण्याजाण्याचे, नावेसकट, दहा हजार. राहण्याजेवणाचे दिवसाला पाचशे, आठ दिवस. एकूण चौदा हजार. कुणाकडून घ्यायचे नाहीत. यंत्र विकायचं.

"अहो भाऊजी, यंत्रच विकलंत तर भाव कुठे लिहिणार?"

"वहीत. आधी कुठे लिहायचो?"

"आणि चित्र?"

"तिथेच जायचं आणि चित्रही ठेवायचं, दोन्ही कशाला, वहिनी? हावरेपणा झाला."

गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. शेजारच्या रस्त्यावर मुलांना गणित शिकवणाऱ्या एक बाई महिनाभर चांगलं जुनं यंत्र मागत होत्या. त्या आल्या, यंत्र पाहिलं, बटणं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे सोळापर्यंत आहेत. पण घासाघीस मी करत नाही. तुमच्या दुकानाची चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. उद्या दुपारी येते." आणि गेल्या.

दादांनी टाळी वाजवली. "सोळा! घे, तळ्यात दोनदा बुडी मारून ये."

"ऐकलं नाहीस का? चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, म्हणाल्या. आकडा नाही विचारला."

"मग लिही चिठ्ठी!"

इथे गाडी अडली. मालकाने आपल्या यंत्राचा भाव काढायचा नाही, हा नियम त्यांचाच. पोराचं वजन त्याच्या आईला विचारून लिहितात का, असं ते लोकांना ऐकवत आले होते. ते वहिनींकडे वळले.

"तुम्ही काढा."

"मी? मी स्क्रू काढते, भाऊजी. भाव कधी काढलाय?"

"वीस वर्षं ऐकताय."

"अरे, मी काढतो की," दादा म्हणाले.

"दादा, तू बोलतोस. मांडीला ऐकू येणार नाही."

दुसऱ्या दिवशी, दुपार कलता, मांडीवाले खुर्चीतून उठले. टॉवेल त्यांनी वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो गुडघ्यांवर पसरला, यंत्र मांडीवर घेतलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते तसेच उभे.

"जा ना, भाऊजी. पत्रपेटीपर्यंत जा. हात लावा. परत या."

गल्लीभर हशा पिकला. चष्मेवाला दुकानातून बाहेर आला. मांडीवाले कान पाडून निघाले, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे.

वहिनींनी यंत्र सुरू केलं. इतकी वर्षं यंत्रं त्यांच्याकडे उलटी येत, पाठ वर करून, टेबलावर. स्क्रू, पट्ट्या, धूळ. सुलटं, चालू यंत्र मांडीवर घेऊन नुसतं बसण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पडद्यावर तळं उमटलं. त्यांनी तळवे ठेवले. डोळे मिटले.

आधी काहीच कळलं नाही. मग उजव्या मांडीला ऊब लागली, हळूहळू, मांजर येऊन बसावं तशी. आत कुठेतरी पंखा फिरू लागला, लांबच्या पाण्यासारखा. तो पंखा त्यांनी तीनदा साफ केला होता. त्या आवाजात गल्लीतले आवाज बुडत गेले, दादांचं बोलणं बुडालं, आणि वहिनींना वाटलं, आपण लाकडी धक्क्यावर बसलोय आणि खालून पाणी फळ्यांना लागतंय. किती वेळ गेला कोण जाणे. नऊ वर्षं हा माणूस रोज या धक्क्यापर्यंत येऊन परत जात होता.

"अगं, झोपलीस की काय?" पुढून दादा ओरडले. "सोळा लिही आणि मोकळी हो!"

वहिनींनी डोळे उघडले. कागद घेतला. मनात सोळा होते, खोटं कशाला बोला. सोळा नाहीत तर चौदा तरी. बाई काही म्हणणार नव्हत्या. म्हणूनच हात धजेना. समोरच्याने डोळे झाकून हात पुढे केला की त्यावर काय ठेवतो ते आपलं आपल्यालाच दिसतं.

त्यांनी रीतीने धरलं. तसल्या यंत्राचा गल्लीतला भाव सात हजार. मेमरी आज तीन हजारांना, तिचे दीड. एसएसडी तीन, तिचे दीड. बॅटरी चोवीसशे, तिचे बाराशे. पडद्याचं काही नाही. झाले अकरा हजार दोनशे. चार्जर दुसऱ्या कंपनीचा, तीनशे वजा. कोपरा चेपलेला, दोनशे वजा. दहा हजार सातशे.

तीन हजार तीनशेंनी तळं लांब राहिलं.

पुन्हा बेरीज केली. तीच आली. मग काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी भाऊजींची नोंद उघडली, ते कसं मांडतात ते बघायला. एकाखाली एक, नऊ वर्षांची यंत्रं. पाया, भाग, मजुरी, वजा, भाव. मजुरीच्या रकान्यात बघता बघता वहिनींना गंमत वाटू लागली. डॉक्टरांचं यंत्र, मेमरी बसवली, मजुरी. शिंप्याचं यंत्र, डिस्क बदलली, मजुरी. हे सगळे त्यांचेच हात होते. शेकडो ओळींत त्यांचे हात आकडे होऊन बसले होते. सगळ्यात खाली भाऊजींनी स्वतःच्या यंत्राची ओळ लिहून ठेवली होती, भाव न लिहिता. प्रत्येक भाग, प्रत्येक तारीख. मजुरीचा रकाना कोरा.

चूक होती ती ही. चूक तरी कशी म्हणावी? घरच्या माणसाच्या कामाचं बिल झालं नाही, म्हणून मोजणाऱ्या माणसाला ते काम दिसलंच नाही. आणि त्यांच्याइतकं बारीक मोजणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता.

वहिनींनी आठवून आठवून लिहिलं. मेमरी बसवणं, एसएसडी घालून सगळं जुन्यातून नव्यात उतरवणं, बॅटरी दोनदा, त्यातली आताची एकच धरायची. मजुरी दोन हजार, तिची निम्मी एक हजार. लिहिता लिहिता त्यांची नजर झाकणाच्या बिजागरीवर गेली. या जातीच्या यंत्राची बिजागरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुटते, हे गल्लीत पोरंटोरंही सांगतील. त्यासाठी तर भाऊजी या जातीला सरसकट दोन हजार कमी लावत. पायाचे सात हजार हे नऊचे सात झालेले. पण या यंत्राची बिजागरी तुटणार नव्हती. पाच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः पितळेची पट्टी कापून, घासून, आतून बसवली होती. झाकण उघडमिट केलं. जड, गुपचूप, पाण्यावरच्या नावेसारखं ते हललं.

नऊ हजारांचा पाया. त्यांनी पुन्हा बेरीज केली. तेरा हजार सातशे.

तीनशे उरले. तीनशेंसाठी त्यांनी यंत्र उलटसुलट केलं, बटणं मोजली, काही चांगलं नजरेतून सुटलंय का ते पाहिलं. सुटलं नव्हतं. चौदा लिहायला पेन जरासं टेकलं. मग त्यांनी तेरा हजार सातशे लिहिलं आणि चिठ्ठी दुमडून टॉवेलाखाली ठेवली.

मांडीवाले आले. बोटांना पत्रपेटीचा गंज लागलेला होता. त्यांनी चिठ्ठी उघडली, शेजारचा हिशेबाचा कागद घेतला आणि बराच वेळ वाचत राहिले.

"ही मजुरी कुणाची?"

"माझी."

"तुम्ही घेतली होती?"

"नाही."

"मग भावात कशी आली?"

"मालकानं काय दिलं ते विचारायचं नाही, घेणाऱ्याच्या ओंजळीत काय पडतं ते मोजायचं. हे कोण म्हणतं? माझे हात बाईंच्या ओंजळीत पडतायत की नाही?"

मांडीवाल्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा घातला.

"पडतायत," ते म्हणाले. "पण मग ते हजार तुमचे. आणि बिजागरीचे दोन, तेही तुमचेच."

"भाऊजी, छपराचं बोलू देता का मला?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"देता का?"

"नाही."

"मग मजुरीचं मी बोलू देणार नाही. मीही त्या खुर्चीशेजारीच बसते."

खूप वर्षांनी एखाद्या ओळखीच्या खोलीत नवी खिडकी दिसावी तसं त्यांनी वहिनींच्या हातांकडे पाहिलं. सोल्डरिंगने भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके होते त्यांच्यावर. मग सावकाश वाकून त्यांनी यंत्राच्या कडेला कान लावला आणि एक सूर वाजवला.

"बेरजेत चूक आहे, वहिनी."

"कुठे?"

"डाव्या बाजूचा आवाज फाटतो. ऐका. तुम्ही ऐकला नाहीत."

वहिनींनी ऐकला. फाटत होता, अगदी किंचित, माशी काचेवर आपटावी तसा.

"दोनशे वजा," मांडीवाले म्हणाले. "तेरा हजार पाचशे."

"अरे शहाण्या!" दादांनी कपाळ धरलं. "स्वतःच्या पायावर स्वतः! कुणाला ऐकू आलं असतं ते?"

"बाईंना. एखाद्या दिवशी."

"मग चौदा कसे होणार?" वहिनींचा आवाज चढला. "पाचशे कमी पडतायत. मला देऊ देणार आहात का?"

"कशाला? आठाऐवजी सात दिवस राहीन." ते हसले. "तळं कुठे जातंय?"

बाई आल्या. चिठ्ठी वाचली, पैसे मोजून दिले. वहिनींनी नोंदी आपल्या यंत्रात उतरवून घेतल्या होत्या, बाकीचं सगळं पुसलं होतं. बाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि थबकल्या.

"हे चित्र राहू द्याल का?"

वहिनींनी मांडीवाल्यांकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थांकडे एक उत्तर होतं. यांच्याकडे काय असणार?

"राहू द्या," ते म्हणाले. "परवा मी तिथे पोचतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. उन्हं तिरपी झाल्यावर ते दारातल्या खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. एक पिशवी, आत कोरी वही. निळा टॉवेल खांद्यावर.

"टॉवेल कशाला?" दादांनी विचारलं.

"बसायला."

"बघ हं, तळ्याचा भाव काढत बसू नकोस. मालकाला कुठे पाठवशील तू चक्कर मारायला?"

"दादा, चार्जर विक."

वहिनी म्हणाल्या, "नाव हलते म्हणे. हाताला धरून चढा." ते म्हणाले, "हो." आणि ते निघाले.

गल्लीतून जाताना त्यांची चाल नेहमीसारखीच होती, घाई नसलेली. चष्मेवाला दारात आला. घड्याळवाल्याने भिंग डोळ्यावरून काढलं. पत्रपेटीपाशी ते थांबले आणि त्यांनी तिला हात लावला. इथून सगळेच परत फिरत. इतक्या वर्षांत गल्लीने त्याच जागी शेकडो मालकांची पाठ चेहऱ्यात बदलताना पाहिली होती. दादांनी नकळत मान पुढे काढली, तो वळतोय की काय बघायला.

ते वळले नाहीत. टॉवेल खांद्यावर नीट केला आणि कोपऱ्यावरून निघून गेले.

वहिनी मधल्या दारात, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. कोपरा रिकामा झाल्यावरही त्या तिथेच बघत राहिल्या. खुर्ची अजून उबदार होती.